झऱ्याचे मासे आणि शेठचा फ्रिज

वाळवंटाच्या पलीकडे, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी एक झरा होता आणि तो आटत चालला होता. त्याच्या डबक्यात बोटभर लांबीचे, पाठीवर रुपेरी रेघ असलेले मासे राहत. जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नाहीत, फक्त तिथे! डबकं आटलं की मासेही संपले. त्यातले थोडे जिवंत बाहेर काढायचे, वाळवंट ओलांडून शहरातल्या संस्थेच्या टाकीत आणून सोडायचे आणि तिथे त्यांची पैदास करायची, एवढ्यासाठी ही मोहीम निघाली होती.

मोहीम म्हणजे गाडी एक आणि माणसं तीन. प्रमुख होती माशांचा अभ्यास करणारी लेक. गाडी घाईकाकांची, या गृहस्थांनी जन्मात कशाची घाई केली नव्हती, म्हणूनच लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. तिसरा लेकीचा बाप. त्याचं फ्रिजचं दुकान होतं आणि सगळा बाजार त्याला शेठ म्हणे.

लेकीच्या कामातलं शेठला ओ की ठो कळत नसे. 'बोटभर माशांसाठी एवढा आटापिटा?' असं तो पूर्वी म्हणायचा, हल्ली नुसता मान डोलवायचा. पण हे मासे गार पाण्यातले. पाणी कोमट झालं की ते तडफडू लागतात. तेव्हा एका संध्याकाळी लेक दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, गाडीत चालणारा फ्रिज लागेल. तो तुम्ही निवडा. बाकीचं मी बघते." उभं आयुष्य फ्रिज विकण्यात घालवलेल्या बापाला तिने पहिल्यांदाच आपल्या कामातलं काही विचारलं होतं. शेठला त्या दिवशी जेवणसुद्धा सुचलं नाही, इतका तो खूश होता.

दुकानात गाडीचे फ्रिज दोन तऱ्हेचे होते. एक कॉम्प्रेसरवाला, म्हणजे घरच्या फ्रिजचाच धाकटा भाऊ. काळा, बोजड, चालू केला की घुरघुरणारा. दुसरा हलका आणि चकचकीत, आत निळा दिवा, आणि आवाज म्हणाल तर पंख्याची नुसती कुजबुज. दुसरा आणून देणाऱ्या कंपनीच्या माणसाने जाताना सांगितलंही होतं, की हा बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंशांनी गार ठेवतो. शेठने ते ऐकलं आणि पुढे कित्येक गिऱ्हाइकांना पोपटासारखं ऐकवलं. लेकीसाठी म्हणून त्याने तो चकचकीत फ्रिज दिवसभर लावून पाहिला. पाणी असं गार झालं की बर्फ व्हायचाच काय तो बाकी राहिला! त्याने मोठ्या ऐटीत तोच निवडला. मात्र त्याच्या दुकानात एसी इतका जोरात चाले की ऐन उन्हाळ्यात गिऱ्हाइकं हात चोळत उभी राहत, ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

पहाटे निघालेली गाडी दुपारपर्यंत खडकाळ माळ तुडवून वाळूत शिरली. इथे रस्ता नव्हता. वाऱ्याने रात्रीतून टेकाडं इकडची तिकडे केली होती. घाईकाकांनी चाकांतली हवा कमी केली, तरी एका उतारावर मागची चाकं रुतली ती रुतलीच. लेकीने फावडं घेतलं, काकांनी चाकांखाली फळ्या सरकवल्या. शेठ सगळ्यांना पाणी द्यायला म्हणून फ्रिजपाशी गेला. बाटली काढून त्याने तोंडाला लावली, आणि तशीच खाली घेतली.

पाणी अंघोळीला चालेल असं होतं!

फ्रिजच्या झाकणावरचा आकडा मात्र गारच दाखवत होता. तो आकडा आपण मागितलेला गारवा दाखवतो, आतला खरा नव्हे, हे शेठला त्या क्षणी उमगलं. आणि कंपनीच्या माणसाचं ते वाक्यही आठवलं. बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंश. बाहेर बॉनेटवर हात ठेववत नव्हता, आणि बंद गाडीत तर भट्टी पेटलेली. त्यातून वीस वजा करायला त्याला कॅल्क्युलेटर लागला नाही. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. पण सगळीकडे नुसती भुसभुशीत वाळू होती आणि ती फक्त चाकं पोटात घेत होती.

"बाबा, फ्रिज ठीक आहे ना?" लेकीने खणता खणताच विचारलं.

"एकदम," शेठ म्हणाला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने बाटल्या पुन्हा आत ठेवल्या, डब्यातलं साधं पाणी सगळ्यांना दिलं आणि फ्रिजवर ओला टॉवेल पसरला. घाईकाका कौतुकाने म्हणाले, की शेठ फ्रिजला लेकरासारखं जपतात. चोराच्या मनात चांदणं. शेठला वाटलं काकांना सगळं कळलंय. पण काकांना काही कळलं नव्हतं. ते बिचारे मनापासून बोलत होते, आणि त्याचीच शेठला जास्त लाज वाटली.

उन्हं कलताना डोंगर जवळ आले. तांबूस, सुरकुतलेले, एक झाड नावाला नाही. आणि त्यांच्या पायाशी, दोन दगडांच्या बेचक्यात, हिरवळीची एक चिंधी. डबकं आता एखाद्या न्हाणीघराएवढंच उरलं होतं. काठाला पांढऱ्या क्षाराची गोल गोल वलयं होती, पाणी कुठून कुठे उतरलं ते सांगणारी. लेक पँट दुमडून आत शिरली, मध्यावर थर्मामीटर बुडवून तिने आकडा मोठ्याने वाचला. मग जाळीत रुपेरी रेघा चमकल्या आणि ती लहानपणी हसायची तशी मोठ्याने हसली. शेठने तिला कितीतरी वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. मासे असे निवांतपणे तिच्या पिंढऱ्यांना तोंड लावत होते, जणू तिची वाटच बघत होते.

आता सांगू, असं शेठने ठरवलं. ब्रेड आणि उकडलेली अंडी खाताना त्याने दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा उघडणार तोच लेक त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही होता म्हणून मी हे धाडस केलं. नाहीतर फ्रिजमधलं मला काय कळतंय?"

शेठने उरलेलं अंडं तोंडात कोंबलं. माणूस इतका भित्रा असू शकतो, तेही स्वतःच्या लेकीसमोर, हे त्याला त्या संध्याकाळी समजलं.

सकाळी उठून पाहतो तो काय, फ्रिजमधलं पाणी झकास गार! वाळवंटातली हवा रात्रीतून थंड पडते, आणि त्यातून वीस अंश कमी म्हणजे फ्रिजला काही अवघड नव्हतं. बुडत्याला काडीचा आधार. शेठने स्वतःची समजूत घातली, की लवकर निघालो, ओला टॉवेल टाकत राहिलो, तर कदाचित निभावेल. हे निभावणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. लेकीने दोन जाड पिशव्यांत पाणी, प्राणवायू आणि मासे भरले, पिशव्या फ्रिजमध्ये हळुवार ठेवल्या आणि झाकण लावून त्यावर एक थाप मारली.

सूर्य चढला. वाळू तापली. मग पश्चिमेकडून वावटळ आली!

काच बंद करायलाही सवड मिळाली नाही. पुढचं काही दिसेना. दातांत वाळू, डोळ्यांत वाळू. घाईकाकांनी गाडी टेकाडाच्या माथ्यावर थांबवली आणि वावटळ निघून गेल्यावर कळलं की पुढची चाकं कडेवरून लोंबताहेत आणि गाडीचं पोट वाळूवर टेकलंय. इंजिन बंद. खणायचं. फळ्या घालायच्या. पुन्हा खणायचं. वर सूर्य, खाली तवा! काकांनी पहिल्यांदा गिअर टाकला, चाकं नुसती फिरली. दुसऱ्यांदा गाडी हातभर मागे आली आणि परत टेकली. शेवटी तिघांनी फावडी टाकून हातांनी वाळू उपसली, काकांनी हलक्या पायाने गाडी मागे घेतली आणि ती सुटली. लेक आणि काका फळ्या उचलायला गेले. शेठने फ्रिज उघडला.

मासे पिशव्यांतल्या पाण्याच्या अगदी वरच्या थरात आले होते. सगळ्यांची तोंडं उघडी. उघडझाप, उघडझाप. एक आडवा झाला होता.

झाकण लावता आलं असतं. अजून थोडा वेळ कुणाला काही कळलं नसतं, आणि नंतर वावटळीला, वाळूला, नशिबाला बोल लावता आला असता. शेठच्या मनात हे सगळं आलं. त्याची त्याला इतकी किळस आली की त्याने झाकण उघडंच टाकलं आणि हाक मारली.

"हा फ्रिज या उन्हात चालत नाही," तो म्हणाला. "मी चुकीचा निवडला. आणि मला हे काल दुपारपासून माहीत आहे."

लेकीने हातातली फळी खाली टाकली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवीला हात लावला, थर्मामीटर आत घातलं, वाचलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "काल मी विचारलं होतं ना, बाबा?"

"हो."

एवढंच. मग ती कामाला लागली. शहर अजून फार लांब होतं, झरा त्या मानाने जवळ. तिने सांगितलं, की मागे फिरायचं, मासे जिथले तिथे सोडायचे. पिशव्यांना ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरायच्या. कोरड्या हवेत फडकं सुकताना पाणी गार ठेवतं. शहरापर्यंत ते पुरणार नाही, झऱ्यापर्यंत कदाचित पुरेल.

घाईकाकांनी पाण्याचे डबे हलवून पाहिले. वावटळीत एक कलंडला होता. "ताई, गाडीला थोडं ठेवावंच लागेल. बाकीचं आपल्या तिघांच्या पिण्यापुरतं आहे. माशांचं कुठलं घ्यायचं?"

"माझ्या वाटचं," शेठ म्हणाला.

त्याच्याशी कुणी हुज्जत घातली नाही.

गाडी वळली. डाव्या खिडकीतून लेकीचा हात बाहेर, उजवीकडच्या मागच्या खिडकीतून शेठचा. प्रत्येकाच्या हातात ओल्या फडक्यातली एकेक पिशवी. घाईकाकांनी जन्मात पहिल्यांदाच घाई केली! गाडी टेकाडावरून घसरली, आडवी झाली, सावरली. खिडकीची कड शेठच्या दंडाला इस्त्रीसारखी चटका देत होती. फडकं बघता बघता सुके. तो त्यावर पाणी ओते, पुन्हा बाहेर धरे. हात भरून आला. मग बधिर झाला. गाडी दगडावर आदळली आणि पिशवी निसटली! त्याने दुसरा हात झडप घालून बाहेर काढला आणि ती कोपराशी दाबून धरली. जीभ टाळूला चिकटली होती. बाटलीतल्या शेवटच्या घोटाकडे त्याने एकदाच पाहिलं आणि तोही फडक्यावर ओतला.

पुढच्या सीटवरून लेकीने आपली बाटली मागे केली. मागे वळून तिने पाहिलं नाही. शेठने एक घोट घेतला. कुणाच्या हातचं पाणी पिताना त्याला इतकं शरमल्यासारखं कधी झालं नव्हतं.

डोंगर दिसले. हिरवी चिंधी दिसली. गाडी थांबायच्या आत लेक उतरली होती.

पिशव्या आधी डबक्यावर तरंगत ठेवल्या, आतल्या-बाहेरच्या पाण्याचा गारवा जुळू दिला, मग तोंडं सोडली. रुपेरी रेघा आधी जागच्या जागी थरथरल्या, मग एकेक करत दगडांच्या सावलीत नाहीशा झाल्या. काही गेल्या नाहीत. लेकीने ते मेलेले मासे ओंजळीत घेतले आणि काठावर बसून मोजले. शेठ तिच्याजवळ गेला नाही. सुजलेला, लाल झालेला दंड त्याने सदऱ्याच्या बाहीखाली लपवला. तो दाखवून तिच्याकडून दया मिळवणं म्हणजे आणखी एक लबाडी झाली असती.

घाईकाकांनी डबक्याच्या वरच्या अंगाला, झऱ्याच्या तोंडाशी डबे भरून घेतले. शेठने पोटभर पाणी पिऊन घेतलं. मोहिमेचं जे व्हायचं ते झालं होतं. हात रिकामे, तिघे जिवंत, बहुतेक मासेही जिवंत. लेकीने काकांना विचारलं, की लगेच दुसरी खेप करता येईल का. काका म्हणाले, गाडी धुऊन-पुसून तयार ठेवतो. त्या खेपेचा फ्रिज कोण निवडणार, हे कुणी विचारलं नाही.

"एवढं माप घ्या," लेकीने काठावरच्या थर्मामीटरकडे मानेने खूण केली. "मध्यावरचं. माझ्या हातांत मासे आहेत."

शेठ पाण्यात उतरला. थर्मामीटर बुडवून, पारा थांबेपर्यंत वाकून उभा राहिला. आकडा कालच्यापेक्षा वर गेला होता. म्हणजे डबकं अंदाजापेक्षा लवकर तापत होतं, म्हणजे दुसऱ्या खेपेला फारच थोडी मुदत होती. लेकीला चांगल्या बातमीची एवढी गरज असलेली त्याने आजवर पाहिली नव्हती. एखादा अंश इकडचा तिकडे झाला असता तर कुणाला कळलं असतं?

त्याने आकडा सांगितला. होता तसा.

लेकीने हातातले मासे गवतावर ठेवले, हात पुसले, पाण्यात उतरली आणि थर्मामीटर त्याच्या हातून काढून घेतलं. उजेडाकडे धरून तिने स्वतः वाचलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

शेठने मान खाली घातली. आता यापुढे हे असंच होणार होतं, आणि पुढचं माप घ्यायलाही आपणच यायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.