कुणीही उत्तर द्यायचं नाही

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, तुमची मर्जी. पण हे माझ्या सख्ख्या ताईसोबत घडलंय, आणि घडताना मी तिथेच होतो.

ताई रोलप्ले गेम तयार करायची. म्हणजे मोठी माणसं दिवसभरासाठी दुसऱ्याच कुणाची तरी भूमिका घेतात. स्टेज नाही, प्रेक्षक नाहीत, पाठांतर नाही. आई म्हणायची, "घोडी झाली तरी हिची भातुकली सुटत नाही!"

टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्याची शेवटची खोली तिने कामासाठी घेतली होती. बरेच दिवस नवीन काही सुचत नव्हतं. नुसती चिडचिड.

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"ये लवकर. भन्नाट सुचलंय!"

मी गेलो तर ती भिंतीला कान लावून उभी...

"शेजारचं कुटुंब," ती कुजबुजली. "रोज याच वेळी बोलतात. हसणं, भांडणं, सगळं. पण त्यांच्यात एक बाई आहे. ती सारखी म्हणते, 'मी काय केलं? बोला ना माझ्याशी.' आणि तिच्याशी कुणी चकार शब्द बोलत नाही."

मीही कान लावला.

काहीच नाही...

"हाच माझा खेळ!" ताईचे डोळे चमकत होते. "एक घर. त्यातल्या एकीला कुणीही उत्तर द्यायचं नाही. तिने काहीही करू दे."

निघताना रस्त्यावरून मी सहज वर पाहिलं.

ताईच्या खोलीपलीकडे खोलीच नव्हती.

तिथे इमारत संपत होती.

मी तिथूनच फोन केला. ती हसली. "पाइपातून येत असेल रे आवाज. उगाच मोडता घालू नकोस."

रविवारी दुपारी त्याच खोलीत खेळ ठेवला. खेळायला एक नर्स, एक ड्रायव्हर, ताईची मैत्रीण आणि मी. 'ती' होणारी मुलगी ऐन वेळी आलीच नाही.

"मीच होते 'ती'," ताई म्हणाली.

सुरुवातीला मजा आली. ताई मुद्दाम विनोद करायची आणि नर्स ओठ चावून हसू दाबायची.

हळूहळू नर्सचे ओठ सैल झाले. तिला हसू येईनासंच झालं...

ताई रडायला लागली. खरंखुरं.

"मी काय केलं? बोला ना माझ्याशी."

मी उठणार, तेवढ्यात गजर वाजला. खेळ संपला.

"ताई, बास आता. ये इकडे," मी म्हणालो.

नर्सने वळून पाहिलं. "कुणाशी बोलतोयस?"

"ताईशी. संपला ना खेळ."

"पण ती आहे कुठे?"

ताई तिच्यासमोर उभी होती...

तिचा हात धरून.

मैत्रिणीने खिडकीतून खाली डोकावून पाहिलं. ड्रायव्हर जिन्यात जाऊन ताईच्या नावाने हाका मारत होता. कुणीही चेष्टा करत नव्हतं.

आम्ही दोघं घरी आलो. आईने दार उघडलं.

"एकटाच? ताई कुठंय?"

"आई... मी इथेच आहे ना गं."

मी आत गेलो. आईने दार लावून घेतलं.

ताई बाहेर असतानाच.

मी धावत जाऊन दार उघडलं, तिला आत घेतलं. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

पुढे पोलिसांत तक्रार झाली, ताई हरवल्याची. तक्रार देताना ती बाकावर माझ्या शेजारीच बसली होती. मी आईला परोपरीने सांगून पाहिलं. तिने मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. शेवटी मी गप्प बसलो.

ताईच्या प्रत्येक शब्दाला मात्र मी उत्तर देतो. हळूच, कुणाच्या कानावर जाणार नाही असं.

पण हल्ली तिचा आवाज बारीक होत चाललाय...

काल सकाळी ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काहीतरी विचारत होती. ओठ हलताना दिसत होते.

मला काहीच ऐकू आलं नाही.

तिचा चेहरा उतरायला लागला. मी घाईघाईने म्हणालो, "हो ताई. हो."

ती हसली. कितीतरी दिवसांनी.

तिने काय विचारलं होतं, मला अजून माहीत नाही.