ठकीचं पुढं काय झालं

दुपारची गाडी घाट उतरून गोव्याकडं गेली की कॅसलरॉकचं स्टेशन तासाभरासाठी गप्प व्हायचं. तारमास्तर नारायणराव टेबलावर डोकं टेकायचे, आणि क्वार्टरच्या ओसरीवर त्यांची बायको केशर पुस्तक उघडायची. साल एकोणीसशे अकरा. बेळगावला पाच इयत्ता शिकलेल्या केशरला ह्या रानात, धुक्यात आणि जळवांत करमत नसे. माहेरून दरमहा येणारा 'नीलगडची राणी' ह्या कादंबरीचा एकेक भाग हाच तिचा विरंगुळा.

ऐकायला दोघी असत. एक येसू, गँगमन झिलूची बायको. दुसरी रुक्मा, दिग्गीच्या वाटेवरच्या वाडीतली साठीची कुणबीण. कंद आणि मध विकून झाले की ती ओसरीच्या पायरीवर टेकायची. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं एक अक्षर विसरायची नाही.

तिसऱ्या भागात राणी शत्रूला चुकवून भुयारात शिरली. तोंडाशी तिनं ठकी नावाच्या दासीला दिवटी देऊन उभं केलं आणि बजावलं, "मी परत येईपर्यंत येथून हलू नकोस." मग राणी भुयाराच्या दुसऱ्या टोकानं बाहेर पडली, घोड्यावर बसली आणि गोष्ट पुढं निघाली.

"आन् ठकी?" रुक्मानं विचारलं.

"येईल पुढच्या भागात."

चौथ्यात ठकी आली नाही, पाचव्यातही नाही. रुक्मा दर वेळी विचारायची. शेवटी केशर म्हणाली, "अगं रुक्माक्का, दासी ती. गेली असेल घरी."

"कशी जाईल? हलू नको म्हणून सांगितलंय न्हवं तिला?" रुक्मानं घाटाकडं जाणाऱ्या रुळांकडं हात केला. "माझा दादला गोव्याला कामाला गेला तवा असंच सांगून गेला. मी येईतोवर घर सोडू नको. तीस वर्सं झाली. मला ठावं हाय उभं ऱ्हानं काय असतंय ते."

त्या दिवशी केशरनं छापखान्याला पत्र टाकलं. आठव्या भागात राणीला राज्य मिळून कादंबरी संपली, त्याच सुमारास उत्तर आलं. 'ठकी नावाचे पात्र आमच्या लेखकांस आठवत नाही. लोभ असावा.'

आश्विनात घाटाच्या गाडीला विघ्न सुरू झालं. तिसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी भरदिवसा ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कोणीतरी आग दाखवतंय, म्हणाला. आठवड्यात तीनदा असं झालं, आणि ड्रायव्हर तिन्ही वेळा वेगळे होते. तिघांनीही एकच सांगितलं. बाई होती, हातात जाळ होता, शिट्टी मारली तरी हलली नाही. लाइनीचा तो तुकडा झिलूकडं होता. तो धावत जायचा तेव्हा तिथं कोणी नसायचं. दगडावर तेलाचे थेंब मात्र असायचे. एकदा त्यानं बोट लावून पाहिलं, तर थेंब कोमट होता.

"पुन्हा गाडी थांबली तर ह्यांची नोकरी जानार," येसू रडत ओसरीवर आली. "कुटं जायाचं आम्ही?"

रुक्मा शांतपणे म्हणाली, "ठकीच ती."

केशरला हसू आलं नाही, पण पटलंही नाही. कुणी लाकूडतोड्या चावटपणा करत असणार. आपण डोळ्यांनी बघावं म्हणजे येसूचा जीव तरी भांड्यात पडेल, असा विचार करून ती उठली.

"पुस्तक घे, केशरबाय," रुक्मा म्हणाली. "तिसरं."

पुढची गाडी दोन तासांनी होती. तिघी रुळाच्या कडेनं चालत निघाल्या. डाव्या हाताला दरी होती, आणि तिच्यातून धुकं वर चढत होतं. बोगद्याच्या तोंडाशी आल्यावर अंगावर गार वारा आला. आत कुठंतरी पाणी ठिबकत होतं. कोणी नव्हतं. हवेला मात्र करंजाच्या तेलाचा जळका वास होता.

"वाच," रुक्मा म्हणाली.

केशरनं ते पान वाचलं. राणी आली, दिवटी दिली, हुकूम दिला. तिचाच आवाज आत जाऊन परत आला.

काही झालं नाही.

"ते न्हवं. फुडलं वाच."

"पुढं काही लिहिलेलंच नाही, रुक्माक्का."

"म्हनूनच वाच."

केशरनं येसूच्या सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं. मग नजर छापील ओळींवर ठेवून ती, पुस्तकात जशी भाषा होती तशा भाषेत, न लिहिलेलं वाचू लागली. "इतक्यात राणीसाहेब परत आल्या. त्या म्हणाल्या, ठके, तुझी चाकरी पुरी झाली. दिवटी विझव. आता घरी जा."

आवाज आत गेला. ह्या वेळी परत आला नाही.

पाणी ठिबकायचं थांबलं.

मग अंधारात खडीवर अनवाणी पाऊल वाजलं. दुसरं वाजलं. आणि थांबलं.

"घर कोणते?" आतून कोणीतरी विचारलं.

 पुस्तकात ठकीला घर दिलेलंच नव्हतं. केशरनं पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. 

रुक्मानं तिला बाजूला केलं आणि अंधाराकडं हात पुढं केला.

"माझं," ती म्हणाली. "ये गे बाय. भात शिजवून ठेवलाय."

त्यानंतर गाडी कधी थांबली नाही. झिलूची नोकरी टिकली. रुक्माच्या वाडीत एक बाई राहायला आली. लावणी, कापणी सगळं शिकली. रुक्माच्या चेहऱ्यावर तीस वर्षांचं जे काही साचलं होतं ते हळूहळू उतरलं. वाडीतले लोक त्या बाईला रुक्माची भाची म्हणत. येसूला ती चाळिशीची वाटे, केशरला विशीची. पण त्यावर दोघी कधी वाद घालत बसल्या नाहीत.

माघात नव्या कादंबरीचा पहिला भाग आला. सकाळच्या गाडीनं आलेलं पुडकं केशरनं ओसरीवर सगळ्यांसमोर फोडलं. ठकी शेंगा सोलत बसली होती. नवव्या पानावर एका नावाड्यानं नायकाला नदीपार नेलं आणि होडी बांधली.

"नावाड्याचं फुडं?" रुक्मानं विचारलं.

"अगं, अजून पहिलाच भाग आहे."

ठकीनं मान वर केली नाही. "तो म्हातारा अजून बोगद्यात आहे," ती म्हणाली. "माझ्या मागे उभा असे. खोकला फार आहे त्याला."

केशरनं पान पुन्हा वाचलं. नावाडी म्हातारा असल्याचं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

येसू सरकून भिंतीला टेकली. रुक्मानं मात्र पदर खोचला आणि ठकीला विचारलं, "त्याला पेज चालंल न्हवं?"