झालं म्हणेपर्यंत

दुपारी अडीचला हेमचंद्रांनी खोकल्याचं औषध घेतलं, पुढून उघडणारा सैल सदरा चढवला आणि मुलीच्या गाडीची वाट बघत दांडिया बाजारातल्या आपल्या दारात उभे राहिले. छातीवर निळ्या शाईच्या खुणा होत्या. रेडिएशनचे शेक पूर्ण होईपर्यंत त्या पुसू द्यायच्या नव्हत्या.

"बाबा, खुणांवर साबण नाही ना लावलात?" गाडी सुरू करत मोहनानं विचारलं.

"नाही गं. फोटो काढणाऱ्याला फ्रेम कळते."

मोहना हसली, पण मन लावून नाही. काल डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं होतं. गाठ फुप्फुसात, हृदयाला अगदी लागून. तीस शेकांपैकी दहा झाले, पण त्यातले दोन मधेच थांबवावे लागले, कारण हेमचंद्र हलले. दोन्ही हात डोक्यामागे नेऊन तिथल्या दांडीला धरायचं आणि बारा मिनिटं निश्चल पडायचं, एवढंच काम. पण उजवा खांदा जुना दुखरा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला हात थरथरत, आणि मग खोकला. आजही जमलं नाही, तर हे बंद करून दुसरा विचार करावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दुसरा विचार म्हणजे काय, ते बापलेकींपैकी कोणीच विचारलं नाही.

गंमत अशी, की याच माणसाने चाळीस वर्षं आपल्या स्टुडिओत लोकांना "हलू नका" म्हणून दटावलं होतं. मोठी माणसं ऐकत. तान्ही बाळं कुठली ऐकायला? त्यांच्यासाठी हेमचंद्रांची बायको निरुपमा होती. ती खुर्चीवर बसायची, अंगावरून काळं कापड ओढून घ्यायची आणि मांडीवर बसवलेल्या बाळाला कापडातूनच धरायची. फोटोत बाळ एकटंच दिसे. तिने आवाज केला की बाळ मागे वळे, म्हणून कापडाखाली बोलायचं नाही, असा नियम. बाळ चुळबुळणार असं वाटलं, की ती खुर्चीच्या दांडीवर दोनदा टिचकी मारायची. म्हणजे, अजून नाही. हेमचंद्र "झालं" म्हणाले, की मगच हात सोडायची.

एकदा ते "झालं" म्हणायलाच विसरले. आईने बाळ उचललं, हे बाळाच्या आजोबांशी गप्पा मारत बसले. अर्ध्या तासाने बघतात, तर खुर्चीवर काळं कापड तसंच ताठ.

"अगं, गेले की ते!"

"मला काय ठाऊक? तुम्ही झालं कुठे म्हणालात?" कापडातून उत्तर आलं होतं.

तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या सकाळी नर्सने हेमचंद्रांची बोटं तिच्या हातातून एकेक करून सोडवली होती.

रेडिएशनची खोली तळघरात होती. खिडकी नाही. बाहेर बडोद्याचं रणरणतं ऊन, आत पायांवर चादर लागावी इतकी थंडी. अवंती नावाच्या टेक्निशियनने गुडघ्यांखाली उशी सरकवली, छातीवरच्या खुणा हिरव्या प्रकाशरेघांशी जुळवल्या.

"काका, आजे तो हलवानुं नहीं हं. हुं कॅमेरामां जोउं छुं."

ती बाहेर स्क्रीनवर लक्ष ठेवायला गेली. जाडजूड दार सावकाश लोटलं गेलं, आणि खोलीत मशीनची घरघर तेवढी उरली.

एक मिनिट. दोन. मशीनचं मोठं तोंड डावीकडून वर आलं. खांद्यातून कळ निघाली, बोटं थरथरू लागली. घशाशी खोकला आला... आणि त्याच वेळी वास आला. हायपोचा. डार्करूममधला तो आंबूस, जुना वास.

मग कोणीतरी मागून त्यांची दोन्ही मनगटं धरली.

गार हात. हाताच्या आणि कातडीच्या मध्ये कापड असावं, तसा खरखरीत स्पर्श. घट्ट, पण दुखणार नाही इतकाच. वर बघायला मान वळवावी लागली असती, आणि हलायचं तर नव्हतं. खोकला आपोआप खाली बसला. थरथर थांबली.

"एकदम सरस, काका!" दार उघडताच अवंती म्हणाली. तोवर मनगटं मोकळी झाली होती. "पण माथापासे काळुं कपडुं कोणे मूक्युं? स्क्रीन पर देखातुं हतुं."

हेमचंद्रांनी उठून उशाकडे पाहिलं. तिला स्क्रीनवर दिसलेलं काळं कापड कुठेच नव्हतं. अवंतीनेही वाकून पाहिलं.

पुढचे सगळे शेक बिनबोभाट झाले. हेमचंद्र वेळेआधीच दारात उभे राहू लागले. एकदा तर त्यांनी अत्तर लावलं.

"बाबा, लग्नाला चाललात का?" मोहनाने चिडवलं.

"तुझ्या आईला आवडायचं," ते म्हणाले.

तिसाव्या दिवशी मशीन थांबलं. स्पीकरमधून अवंतीचा आवाज आला, "बस काका, पूरुं थयुं!" दार उघडलं. मागोमाग मोहनाही आत आली, हातात पेढ्यांचा पुडा. दोघी टाळ्या वाजवत होत्या.

मनगटं सुटली नव्हती.

हेमचंद्रांनी हलकेच हात ओढून पाहिले. पकड तशीच. मग त्यांच्या लक्षात आलं. ती वाट बघतेय. तीन वर्षांपूर्वीही आपण म्हणालो नव्हतो. त्यांचे डोळे भरून आले. एक शब्द तर म्हणायचा होता. त्यांनी ओठ उघडले.

"झा..."

डाव्या मनगटावर गार अंगठा दोनदा दाबला गेला. अजून नाही.

"बाबा, संपलं सगळं. हात खाली घ्या ना," मोहना म्हणाली.

हेमचंद्र हलले नाहीत.