पाण्याचं डोकं

मोंतेविदेओ शहरातल्या आमच्या मेंदू-तपासणी केंद्रात रोज सकाळी यंत्रात आधी प्लास्टिकचं नळकांडं जातं. किरणोत्सारी पाण्यानं भरलेलं, पट्ट्यांनी करकचून बांधलेलं. पडद्यावर सगळीकडे सारखा करडा रंग आला की यंत्र ठीक आहे असं समजायचं आणि मग माणसं आत घ्यायची. हे काम माझं. मी भौतिकशास्त्र शिकलेय, भुताखेतांना मानत नाही.

माझी बहीण झुल्मा इथे एका गोळीच्या चाचणीसाठी स्वतःहून तपासणीला आली होती. मेंदूतल्या रिसेप्टरांची, म्हणजे औषध जिथे चिकटतं त्या जागांची, चित्रं काढायची होती. पाळीच्या आधीची आणि नंतरची तिची चित्रं एकमेकांशी जुळेनात. इतर बायकांचीही तीच तऱ्हा. आमचे प्रमुख डॉक्टर एत्चेवेरी वैतागले. "हा पाळीचा गोंधळ नको मला. पुरुषांचा आकडा कसा स्वच्छ येतो!" त्यांनी बायकांची चित्रं वगळली आणि त्या स्वच्छ आकड्यावर सगळ्यांचा डोस ठरला. झुल्माला पुढे तीच गोळी, त्याच डोसात मिळाली. ती झोपली ती उठलीच नाही. माझं डोकं आजही त्या आठवणीनं पेटतं.

आता नवं औषध आलं होतं, आणि बायकांची चित्रं पुन्हा काढून टाकायची होती.

त्याच आठवड्यात नळकांड्याच्या चित्रात कडेला एक उजळ डाग दिसला. बुडबुडा असेल म्हणून मी पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी डाग पसरला होता. मग मेंदूला असतात तशा घड्या दिसू लागल्या. पाण्याला घड्या कुठून येणार? उजेड रोज थोडा चढत होता, पाळी जवळ आली की झुल्माच्या चित्रातला चढायचा तसाच. लहानपणी ती जिन्यावरून पडली होती, त्याची मेंदूतली डावीकडची खूणही तिथेच होती.

शुक्रवारी सकाळी एत्चेवेरी बगलेत थर्मास धरून आले. माटेचा, म्हणजे आमच्याकडच्या कडवट पानांच्या चहाचा, पेला सगळ्या पुरुषांकडून फिरून माझ्याकडे आला तेव्हा त्यात चव उरली नव्हती.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "इल्दा, आत कोण आहे गं?"

"कोणी नाही. पाणी आहे."

"चेष्टा करतेस? बाईचा मेंदू आहे हा."

"बरा ओळखलात, डॉक्टर."

ते चपापले. "यंत्र बिघडलंय. पुसून टाक हे. आणि बायकांची बाकीची चित्रंही आत्ताच पूस. एकदाची कटकट मिटू दे."

"माझ्या बहिणीला एकदा पुसलंत तेवढं पुरे! माझ्या हातून होणार नाही. तुम्हीच पुसा."

"तुम्हा बायकांचं ना, महिन्यातून एकदा..." वाक्य अर्धवट सोडून त्यांनी कळफलक स्वतःकडे ओढला.

तपासणी अजून चालू होती. पडद्यावर नवं चित्र उमटलं.

ते फरफटलेलं होतं. आतल्या माणसानं डोकं हलवलं की चित्र असं येतं.

मी काचेतून पाहिलं. पट्ट्या घट्ट होत्या.

पुढचं चित्र स्वच्छ आलं. डोकं वळलं होतं, एत्चेवेरी उभे होते त्या बाजूला.

त्यांचं बोट कळफलकावरून निघालं. ते माझ्या पाठीमागून दुसऱ्या बाजूला सरकले.

त्यानंतरचं चित्र पुन्हा फरफटलेलं आलं.