फोटोतली कस्तुरी

मिरजेच्या दृष्टिसंशोधन केंद्रात डॉक्टर नसीमा मुजावर यांनी पडद्यावर तात्या लोहारांचा मेंदू दाखवला.

"तात्या, डावा डोळा शाबूत आहे. मेंदूनं लहानपणीच त्याचं ऐकणं सोडलं. यालाच आळशी डोळा म्हणतात."

"म्हणजे आळशी मेंदूच, आणि नाव डोळ्याचं!"

डॉक्टर हसल्या. "दोन डोळ्यांना किंचित निराळी चित्रं दिसतात. त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. तुमच्याकडं चित्र एकच. हे शिकायचं दार बालपणी बंद होतं. आमचं द्वारमोचक औषध ते काही आठवडे उघडतं."

तात्यांना शिकणं भागच होतं. चहा ओतताना किटली कपाच्या अलीकडंच कलली आणि त्यांच्या नातीचा, ईराचा, हात भाजला. पुण्यात नोकरी करणारा जावई एवढंच म्हणाला, "पुन्हा असं झालं, तर मी तिला घेऊन जाईन." लेक कस्तुरी वारल्यापासून घरात आजा-नात दोघंच होती.

औषध सुरू झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून तात्या मणी ओवायला बसत आणि चुकले की शिव्या घालत.

"आज्जा, ऐकली हं मी!"

"कान झाक की मग!"

शेवटी पट्टी सुटली. ईरा दारातून आली, तेव्हा तिचं नाक पुढं आणि कपाळावरची बट त्याहून पुढं दिसली. तात्यांनी हात नेला. गाल पहिल्याच झटक्यात सापडला.

"चल, तुझ्या आईला सांगू," म्हणत ते भिंतीकडं वळले.

तिथं कस्तुरी नव्हती. चकचकीत, सपाट कागद होता.

आजवर त्यांना खिडकीतली शेजारीण आणि चौकटीतली लेक सारखीच दिसायची. ते रोज तिच्याशी बोलायचे. आता त्यांनी एकेक डोळा मिटून पाहिला. पण एकदा कळलेला कागद कागदच राहिला.

तात्यांनी केंद्रात जाऊन हे सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "हे माझ्या ध्यानातच आलं नाही, तात्या. दार अजून उघडं आहे. डाव्यावर पट्टी बांधली, तर मेंदू पुन्हा विसरेल. कस्तुरीही पहिल्यासारखी दिसेल."

"आणि ईराला हात लावायला गेलो, तर?"

"पुन्हा हुकेल."

तात्या उठले. पट्टी टेबलावरच राहिली.

तीन वर्षं त्यांनी त्या फोटोला कुणाला हार घालू दिला नव्हता. संध्याकाळी ईराचं बोट धरून ते फुलवाल्यापाशी उभे राहिले.

"देवाला का, तात्या?"

"नाही," ते म्हणाले. "लेकीच्या फोटोला."