रुमालातल्या बांगड्या

हे मी सांगायचं नव्हतं. श्वेताताईचं लग्न होईपर्यंत कुणालाच सांगायचं नाही, असं बाबा म्हणाले होते. श्वेताताई म्हणजे सुचित्राआत्याची मुलगी. लग्न माघात आहे.

आत्या हावड्याला राहते. तपासण्यांसाठी ती आमच्या बालीगंजच्या घरी आली. तिचे हात आपोआप हलतात. खांदा उडतो, मनगट वळतं, बोटं पेटी वाजवल्यासारखी चालतात. ती स्वतःच हसून आईला म्हणायची, "वृषाली, मला अर्धाच कप दे गं. उरलेला मी चादरीलाच पाजते." आई हसायची नाही.

तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या असायच्या. हात हलला की वाजायच्या. दोनदा पटकन, मग थांबून एकदा. दिवसभर तसंच. मला त्या आवाजात अभ्यास करायची सवय झाली होती.

मित्रा आडनावाच्या डॉक्टरांनी खूप प्रश्न विचारले. लहानपणी सांधे दुखून ताप आला होता का? कुठल्या गोळ्या चालू होत्या का? शेवटी त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असं होतं? आईला, वडिलांना? त्यावर कुठली तपासणी करायची ते ठरेल. हा आजार आईवडिलांकडून येत असेल, तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते."

"नाही," बाबा म्हणाले. "वडील दारू प्यायचे. त्यामुळे थोडे झोकांड्या खायचे, इतकंच."

दिगंबरआजोबांबद्दल आमच्याकडे नेहमी हेच सांगतात.

सोमवारी स्कॅन झाला. नर्सने आत्याच्या बांगड्या साबण लावून काढल्या. त्यात एक फुटली. आई लगेच म्हणाली, "फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं." उरलेल्या मी रुमालात बांधल्या आणि घट्ट गाठ मारली.

हालचाल कमी करायची गोळी मिळाली. आजार त्याने जात नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. त्यांना आत्याचे दोन व्हिडिओ हवे होते, एक जागेपणीचा आणि एक झोपेतला. झोपेत अशा हालचाली बहुतेक थांबतात, म्हणाले. मी विचारलं नाही, पण मनात आलं, थांबतात म्हणजे कुठे जातात?

काल दुपारी आत्या जेवून झोपली. वीज गेली होती. पंखा बंद. खोलीत कापराच्या तेलाचा वास होता. मी फोन पुस्तकांना टेकवून व्हिडिओ सुरू केला. आत्याचे उघडे हात पोटावर होते. अगदी शांत. मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. बाबा येऊन खुर्चीवर बसले.

मग बांगड्या वाजल्या.

दोनदा पटकन. मग थांबून एकदा.

मी आत्याकडे पाहिलं. हात तसेच होते. रुमाल कपाटात, कपाटाला कुलूप. आवाज कपाटातून येत नव्हता. तो खुर्चीच्या बाजूने येत होता.

बाबांनीही ऐकला. ते आपल्या हातांकडे बघत होते. हात गुडघ्यांवर होते. स्थिर.

"बाबा... आजोबा दारू प्यायचे ना?"

आत्या झोपेतच आहे ना, ते त्यांनी वाकून पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "एक थेंबही नाही... लोक दारुड्याच्या घरात मुलगी देतात. अशा घरात देत नाहीत."

"मग डॉक्टरांना सांगायला हवं."

"माघानंतर, मीना. श्वेताचं होऊ दे."

"पण श्वेताताईलाही तर... निम्मी..."

"बंद कर तो फोन."

ते उठले. तेव्हा त्यांचं उजवं मनगट वळलं. दोनदा पटकन, मग थांबून एकदा. त्याच क्षणी आवाज थांबला.

आवाज आधी आला होता. हात नंतर हलला. व्हिडिओत तसंच आहे, मी तीनदा पाहिलं. मला रडू आलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर वाटतं तसं सगळं वाटत होतं.

आज संध्याकाळी बाबा झोपलेत. आत्याही. मी डॉक्टरांसाठी एका कागदावर लिहिलं, 'आजोबांना हेच होतं. ते दारू पीत नव्हते. आता बाबांनाही आहे.' श्वेताताईचा नंबरही लिहिला. तिला लग्नाच्या आधी कळायला हवं. नंतर कळून काय उपयोग?

रुमाल मी कपाटातून काढून समोर टेबलावर ठेवलाय. गाठ तशीच आहे. दोघांचे हातही जाऊन पाहून आले. दोघांचेही स्थिर होते.

तरीही आत्ता आवाज सुरू झालाय. हळू... अगदी जवळून.

मी पेन खाली ठेवून दोन्ही हात कागदावर पालथे ठेवले. नंतर लिहायला पुन्हा पेन उचललं. उजवा हात ठीक आहे. डाव्या हाताची करंगळी अजून तरी

"मीना, पानं वाढलीयेत! किती हाका मारायच्या?"

आई आहे. आले म्हटलं मी. करंगळी अजून तरी हलली नाही, पण आवाज आता