दोन मंगळवारांची ओल

नगरच्या सावेडीतलं नेहमीचं टायपिंगचं दुकान बंद होतं, म्हणून सत्यशीला बोळातल्या दुसऱ्या दुकानात शिरली. फाल्गुनाचं ऊन कलत होतं. दारातला कडुलिंब फुलून आला होता.

"पीएचडीचा प्रबंध आहे. आठ दिवसांत हवाय."

"ठिवा. मी वैजनाथ. चुका मी करत न्हाई मॅडम, दुसऱ्यांच्या टाइप करतो."

तिला हसू आलं… आणि हसून किती दिवस झाले, तेही आठवलं. आईवडील ऊसतोडीला कऱ्हाडकडं. पाथर्डीच्या पलीकडचं घर कुलूपबंद. इथं भाड्याच्या खोलीत तिच्याशी बोलायला कुकरची शिट्टी तेवढी. प्रबंध महिनाअखेर जमा झाला, तरच हैदराबादची नोकरी मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी त्याचा हात एका ओळीवर थांबला. "'विहित पद्धतीनं जमिनीची ओल मोजली.' म्हंजे काय केलं?"

"कळणाऱ्याला कळतं."

"ज्याला कळतंय त्याच्यासाठी कशाला लिहायचं? हे वाचून आमच्या पारनेरच्या वावरात मला ओल मोजता आली, तर खरं लिहिनं."

ती चिडून सांगू लागली, "दर मंगळवारी ज्वारीच्या ओळीत गिरमिटानं हातभर खोलीवरची माती काढायची. वजन करायचं. ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वजन. जेवढं घटलं, तेवढं पाणी."

"हेच लिहा की! किती गोड सांगता…"

"गोड?"

"म्हंजे… सोपं." त्याचे कान लाल झाले.

मग ती रोज येऊ लागली. एक चहा दोघांत, अन् एकेका वाक्यावर भांडण. पाचव्या दिवशी मात्र त्यानं ओलीच्या आकड्यांच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"दिवाळीत पाऊस झाला हुता. हा पत्रा गळला, म्हनून ध्यानात हाय. मग तुमच्या शेतातली ओल त्याच आठवड्यात उतरली कशी?"

सत्यशीलानं तक्त्याचा कागद पालथा घातला. दिवाळीत ती गावी होती. आईवडिलांना घेऊन ट्रॅक्टर गेला, धुरळा खाली बसला, आणि त्या सुन्या घरातून तिचा पाय निघेना. दोन मंगळवार हुकले. परत आल्यावर अलीकडचा आकडा पाहिला, पलीकडचा पाहिला, आणि मधले दोन अंदाजानं भरून टाकले.

"कुणालाच कळलं नसतं," ती पुटपुटली.

"व्हय. तुमी म्हनाल तसं टाइप करतो." एवढंच बोलून त्यानं मान खाली घातली.

त्यानं रागवायला तरी हवं होतं! खोलीवर येऊन ती दिवा न लावता बसली. हे आकडे धरून एखादा शेतकरी पिकाला पाणी द्यायचा दिवस ठरवेल… तो तिचा बापही असेल. सकाळी तिनं ते दोन्ही आकडे खोडले आणि खाली लिहिलं, 'या दोन मंगळवारी मी शेतावर नव्हते. मोजणी झाली नाही.'

गाईड सरांनी ओळ वाचली. चष्मा काढला. "खरं लिहिलंस. पण ऐन पावसाचीच मोजणी नाही. आणखी एक हंगाम घ्यावा लागेल."

संध्याकाळी ती दुकानात आली. "गेलं हैदराबाद."

"वाईट वाट…" वैजनाथ थांबला. "न्हाई. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. लई झाला. अन् त्याची लाज बी वाटतीय."

डोळ्यांतलं पाणी तिनं ओढणीनं टिपलं. "कधीपासून हे?"

"दुसऱ्या दिसापासनं. पहिल्या दिशी नुसता संशय हुता."

ती हसली, रडली… दोन्ही एकदमच. मग स्टुलाच्या कडेला बोट फिरवत हळूच म्हणाली, "कोपऱ्यावरच्या खानावळीत येता? एकटीला घास उतरत नाही हो. वर्ष झालं. आईलाही सांगितलं नाही मी हे."

वैजनाथनं कॉम्प्युटर बंद केला, शटर ओढलं. एरवी दुकान नऊपर्यंत उघडं असायचं; आज अजून सातही वाजले नव्हते.